भूकंप वेधशाळेतील शांतता : जमिनीच्या गोंगाटाचा इतिहास

(१)
मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील भूकंपमापकाच्या कागदावर दरवर्षी एक गोष्ट ठरल्याप्रमाणे घडत असे. उन्हाळ्यात बारीक उमटणारी रेघ नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की जाड आणि दातेरी होई. जवळपास कोठेही भूकंप झालेला नसे. तरीही जमीन दिवसेंदिवस हलत राही आणि यंत्र ते प्रामाणिकपणे लिहून ठेवी. या हालचालीला भूकंपशास्त्रात गोंगाट म्हणतात. हा धागा त्या गोंगाटाच्या इतिहासाविषयी आहे. त्याचबरोबर, एखादी नोंद का नाही, या इतिहासाच्या जुन्या प्रश्नाविषयीही आहे.

(२)
प्रथम गोंगाट म्हणजे काय ते पाहू. आधुनिक भूकंपमापक मिलिमीटरच्या दहालाखाव्या भागाइतकी हालचाल टिपू शकतो. इतक्या सूक्ष्म पातळीवर स्थिर जमीन नावाची वस्तूच उरत नाही. रस्त्यावरील वाहने, गिरण्या, पंप, वाऱ्याने हलणारी झाडे, तापणारी व निवणारी माती, वातावरणाचा बदलता दाब आणि दूरवरचा समुद्र या सर्वांची कंपने एकाच रेघेत मिसळतात. भूकंपाची लाट या मिश्रणापेक्षा मोठी असेल तरच ती ओळखू येते. म्हणून वेधशाळा उभारताना पहिला प्रश्न असतो, ही जागा मुळात किती शांत आहे?

(३)
हा प्रश्न पुढे आला तो एका फसलेल्या प्रयोगातून. चार्ल्स डार्विन यांचे दोन पुत्र, जॉर्ज आणि होरेस, यांनी १८८० च्या सुमारास केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत एक अतिसंवेदनशील लंबक टांगला. चंद्राच्या ओढीने ओळंबा किती ढळतो, हे त्यांना मोजायचे होते. परंतु लंबक क्षणभरही स्वस्थ राहीना. प्रयोगशाळेत माणसाने उभे राहण्याची जागा बदलली तरी त्याच्या भाराने होणारा जमिनीचा कल यंत्रात दिसे. चंद्राचा परिणाम या अखंड चुळबुळीत बुडून गेला. दोघा बंधूंनी ते मोजमाप सोडून दिले आणि जमीन सतत हलते, हेच आपले निरीक्षण म्हणून मांडले.

(४)
त्याच्याही आधी, १८७० च्या दशकात, फ्लॉरेन्स येथे तिमोतेओ बर्तेल्ली नावाचे एक धर्मगुरू लंबकाच्या टोकाकडे सूक्ष्मदर्शकातून पाहत असत. त्यांनी वर्षानुवर्षे हजारो निरीक्षणे केली. लंबक हलतो तो रस्त्यावरील गाड्यांमुळे किंवा वाऱ्यामुळे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. बर्तेल्लींना मात्र दिसले की ही थरथर हिवाळ्यात वाढते आणि वायुदाब उतरला की अधिक होते. गावच्या रहदारीला ऋतूंशी असे देणेघेणे नसते. कारण त्यांना उलगडले नाही. पण या थरथरीला एक लय आहे, एवढे त्यांनी चिकाटीने दाखवून दिले. या हालचालींना पुढे सूक्ष्मकंप हे नाव मिळाले.

(५)
१८८९ मध्ये या कथेने वेगळेच वळण घेतले. अर्न्स्ट फॉन रेबर-पाश्वित्झ हा तरुण जर्मन खगोलज्ञ पॉट्सडॅम आणि विल्हेल्म्सहाफेन येथे आडव्या लंबकाने ओळंब्याचे बदल नोंदवत होता. १७ एप्रिलच्या नोंदीत दोन्ही ठिकाणी एक विचित्र अडथळा उमटला. त्याच्या कामाच्या दृष्टीने तो निव्वळ व्यत्यय होता. काही काळाने ‘नेचर’ या नियतकालिकात त्याने टोकियोतील भूकंपाची बातमी वाचली, वेळा ताडून पाहिल्या आणि त्याच्या ध्यानात आले की जपानचा भूकंप जर्मनीत लिहिला गेला आहे. दूरच्या भूकंपाची ही पहिली ओळखलेली नोंद. क्षयाने ग्रासलेला हा संशोधक १८९५ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी निवर्तला.

(६)
येथे क्षणभर थांबले पाहिजे. डार्विन बंधूंना चंद्र हवा होता, म्हणून जमिनीची थरथर त्यांच्यासाठी गोंगाट ठरली. रेबर-पाश्वित्झलाही ओळंब्याचे बदल हवे होते, म्हणून भूकंप हाच त्याच्या कागदावरील व्यत्यय होता. पुढे भूकंप हा मुख्य विषय झाला आणि समुद्राची थरथर व्यत्यय मानली जाऊ लागली. कागदावरील रेघ तीच राहते. प्रश्न बदलला की तिचा कोणता भाग ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे बदलते.

(७)
हिंदुस्थानात भूकंपमापनाला गती मिळाली ती १२ जून १८९७ च्या आसामच्या महाभूकंपानंतर. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा सखोल अभ्यास केला. पुढे दूरच्या वेधशाळांच्या नोंदींवरून त्यांनी भूकंपलाटांचे निरनिराळे प्रकार वेगळे केले, आणि १९०६ मध्ये त्याच लाटांच्या आधारे पृथ्वीला गाभा असल्याचे मांडले. एकोणिसावे शतक सरता सरता कोलकात्याचे अलिपूर, मुंबईचे कुलाबा आणि दक्षिणेतील कोडईकनाल येथे जॉन मिल्न यांच्या आराखड्याची यंत्रे बसली. त्यांपैकी कुलाब्याच्या वेधशाळेला समुद्राचा शेजार होता आणि पाठीशी वाढते शहर होते.

(८)
गोंगाट टाळण्यासाठी वेधशाळा हलवावी लागते, हा धडा कुलाब्याने भूचुंबकत्वाच्या बाबतीत घेतला. तेथे १८४० च्या दशकापासून चुंबकीय निरीक्षणे चालू होती. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरले, तेव्हा तिच्या प्रवाहाने ही मापने बिघडतील, हे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखले. समुद्रापलीकडे अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेतली, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता यावी. विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. तोवर मापनांची साखळी सुरक्षित झाली होती. ट्रामपासून दूर जाता आले. समुद्रापासून दूर जाणे मुंबईच्या भूकंपमापकाला शक्य नव्हते.

(९)
मग समुद्राचेच काय ते पाहावे, असे सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी ठरवले. कोलकात्यात गणिताचे अध्यापन करून ते हवामान खात्यात आले होते आणि कुलाबा-अलिबाग वेधशाळांची धुरा त्यांच्याकडे होती. कुलाब्याच्या कागदांवरील सूक्ष्मकंप त्यांनी मोसमी वारे आणि भारतीय समुद्रांतील वादळे यांच्याशी ताडून पाहिले. रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९३० मध्ये त्यांचा निबंध आला. समुद्र खवळला की किनाऱ्यावरील जमीन थरथरते आणि ही थरथर लाटांच्या दाबामुळे समुद्रतळातून येते, असा त्यांचा निष्कर्ष होता. हेच बॅनर्जी पुढे हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

(१०)
या निष्कर्षावर एक रास्त आक्षेप होता. पुढे सरकणाऱ्या लाटेचा दाब खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो. खोल समुद्राच्या तळापर्यंत तो पोहोचेल कसा? समाधानकारक उत्तर १९५० मध्ये मायकेल लाँगे-हिगिन्स यांनी दिले. तेव्हा त्यांचे वय २५ च्या आसपास होते. विरुद्ध दिशांनी येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की निर्माण होणारा एक दाब खोलीबरोबर कमी होत नाही, आणि त्याचे आवर्तन लाटांच्या आवर्तनाच्या निम्म्या काळाचे असते. म्हणूनच दहा-बारा सेकंदांच्या लाटांपासून पाच-सहा सेकंदांचे सूक्ष्मकंप उपजतात. खोल पाण्यातून तळाला धक्का कसा बसतो, हे कोडे असे सुटले. तपशील बदलला, तरी बॅनर्जींचा रोख बरोबर ठरला.

(११)
आतापर्यंत हा विद्वानांचा विषय होता. शीतयुद्धाने तो राजकारणात आणला. अमेरिकेने १९५७ मध्ये जमिनीखाली अणुचाचणी केली आणि प्रश्न उभा राहिला, अशी लपवलेली चाचणी दूरवरून ओळखता येईल का? १९५८ च्या उन्हाळ्यात दोन्ही गटांचे तज्ज्ञ जिनिव्हा येथे जमले. मोठा स्फोट लपत नाही. लहान स्फोटाची लाट मात्र वेधशाळेच्या गोंगाटात हरवते, किंवा दिसली तरी लहान भूकंपाहून वेगळी ओळखता येत नाही. ही मर्यादा कोठे आखायची, यावर वाटाघाटी अडल्या. प्रत्यक्ष जागेवर जाऊन वर्षाला किती तपासण्या करायच्या, यावर अमेरिका सातांपर्यंत खाली आली, सोव्हिएत संघ तीनांपलीकडे जाईना. १९६३ च्या मॉस्को कराराने वातावरणातील, अवकाशातील आणि पाण्याखालील चाचण्यांवर बंदी आली. भूमिगत चाचण्या तेवढ्या करारातून सुटल्या.

(१२)
याच चिंतेतून अमेरिकेच्या पैशाने जगभर एकसारखी यंत्रे बसवण्यात आली. १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या जाळ्यात सुमारे १२० स्थानके होती. भारतात शिलाँग, नवी दिल्ली, कोडईकनाल आणि पुणे यांचा त्यात समावेश होता. यंत्रे एकसारखी असली तरी त्यांची विवर्धनशक्ती एकसारखी ठेवता येत नसे. प्रत्येक जागेचा गोंगाट पाहून ती ठरवावी लागे. खंडाच्या आतील शांत खडकावर जमिनीची हालचाल लाखो पटींनी मोठी करून दाखवता येई. बेटावर किंवा किनाऱ्यावर तसे केले तर समुद्राच्या थरथरीने सारा कागद काळा होई. म्हणजे कोणत्या प्रदेशातील किती लहान भूकंप जगाच्या यादीत येणार, हे त्या प्रदेशाच्या गोंगाटाने आधीच ठरवलेले असे.

(१३)
हा मुद्दा महाराष्ट्राच्या इतिहासाला थेट भिडतो. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि परिसरात लहान धक्के जाणवू लागले. त्यानंतर धरणाच्या आसपास भूकंपमापके बसवली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी, सहाहून अधिक परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे दोनशे माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयाने चालना दिलेल्या भूकंपांमध्ये जगात आजही कोयनेचेच उदाहरण सर्वांत मोठे मानले जाते.

(१४)
‘धरणापूर्वी येथे भूकंप होत नव्हते’ हे वाक्य तेव्हापासून अनेकदा लिहिले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध व्हावे. १९६२ पूर्वी या प्रदेशाच्या जवळची यंत्रे होती ती पुण्या-मुंबईची. मुंबईच्या कागदावर पावसाळ्याचे चार महिने समुद्र लिहीत असे. सह्याद्रीत झालेला अगदी लहान धक्का तेथे दिसेलच, याची खात्री देता येत नाही. तेव्हा काटेकोर वाक्य असे होईल : धरणापूर्वी येथे त्या यंत्रांना दिसण्याजोगे भूकंप नोंदले गेलेले नाहीत. जलाशयाचा संबंध केवळ या रिकाम्या जागेवर उभा नाही. पाण्याची पातळी आणि धक्के यांचा पुढील अनेक दशके दिसलेला मेळ हा त्याचा खरा आधार आहे.

(१५)
किल्लारीची गोष्ट याहून जड आहे. लातूर-उस्मानाबादचा तो पट्टा त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. १९९२ मध्ये तेथील लोकांना अनेक लहान धक्के जाणवले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनानंतरच्या झोपेत, दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे गेली. यंत्रांचे जाळे विरळ असले की लहान धक्क्याची लाट दूरच्या स्थानकापर्यंत पोहोचेतो तेथील गोंगाटाहून क्षीण झालेली असते. यादीत तो प्रदेश शांत दिसतो, आणि शांत दिसतो म्हणून तेथे नवे यंत्र बसवण्याची निकड कोणाला वाटत नाही. गोंगाटाची मोजदाद का करायची, याचे उत्तर या दुष्टचक्रात आहे.

(१६)
ही मोजदाद करायला सामाईक माप हवे. १९५९ मध्ये ब्रून आणि ऑलिव्हर यांनी पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोंगाटाचे आलेख मांडले. पुढे १९९३ मध्ये, किल्लारीच्याच वर्षी, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन पीटरसन यांनी जगातील ७५ स्थानकांच्या नोंदी एकत्र करून दोन वक्ररेषा काढल्या. एक अतिशांत जागांची, दुसरी अतिगोंगाटाच्या जागांची. एका सेकंदाच्या आवर्तनाला या दोन रेषांत सुमारे ५० डेसिबेलचे अंतर आहे. म्हणजे कंपनाच्या आकारात जवळपास तीनशे पटींचा फरक. आजही कोणतेही नवे स्थानक या दोन रेषांच्या मध्ये कोठे बसते, हे पाहूनच त्याची पारख होते.

(१७)
जुनी पद्धत अशी होती की नोंदींतून भूकंप, यंत्राचे बिघाड आणि इतर अडथळे वगळायचे आणि उरलेला शांत तुकडा मोजायचा. त्यात निवड करणाऱ्याचा हात आलाच. २००४ मध्ये मॅकनमारा आणि ब्यूलंड यांनी वेगळा मार्ग सुचवला : काहीही वगळू नका. अखंड नोंदीचे तासातासाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात कोणत्या आवर्तनाला किती ऊर्जा आहे ते काढा आणि अशा हजारो तुकड्यांवरून कोणती पातळी किती वेळा येते, याचा नकाशा करा. भूकंप क्वचित येतात, म्हणून ते नकाशाच्या फिकट कडेला जातात. नेहमीचा गोंगाट गडद पट्ट्यात दिसतो. आधी गाळणी लावण्याची गरज उरत नाही.

(१८)
असा नकाशा वाचणे म्हणजे त्या जागेचे चरित्र वाचणे. सेकंदाला एकाहून अधिक आंदोलनांच्या पट्ट्यात दिवस आणि रात्र यांत फरक दिसला, तर माणसांची वस्ती जवळ आहे. पाच-सहा सेकंदांचा उंचवटा हंगामानुसार चढला-उतरला, तर तो समुद्र. अतिदीर्घ आवर्तनांतील गोंगाट वाढला, तर तळघरात तापमान बदलते आहे किंवा दार नीट बंद होत नाही. सगळा पट्टाच खालच्या मर्यादेपेक्षा खाली गेला, तर आनंद मानू नये. यंत्र बंद पडले असण्याचीच शक्यता अधिक. खोट्या शांततेचा संशय घेणे हाही या पारखीचा भाग आहे.

(१९)
पारख झाली की उपाय सुचतात. यंत्र उघड्या खडकावर बसवावे, रस्ता आणि झाडांपासून दूर न्यावे, जमिनीखाली उतरवावे. दक्षिण ध्रुवाजवळ मुख्य तळापासून सुमारे आठ किलोमीटरांवर, बर्फात खोल छिद्रे पाडून यंत्रे ठेवली आहेत. काही आवर्तनांसाठी ती जगातील सर्वांत शांत जागांपैकी एक आहे. कोयना परिसरातही हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने बेसॉल्टच्या थरांतून खोल छिद्रे पाडून त्यांत भूकंपमापके उतरवली. वरचा वारा-पाऊस आणि माणसांची वर्दळ जितकी दूर राहते, तितके लहान धक्के यादीत येऊ लागतात. नंतर कोणी तो आलेख पाहील आणि भूकंप वाढले असे म्हणेल. वाढ भूकंपांची आहे की ऐकण्याच्या क्षमतेची, हे आधी तपासावे लागेल.

(२०)
माणसांचा वाटा केवढा असतो, हे २०२० मध्ये एकदम उघड झाले. टाळेबंदीत बेल्जियमच्या रॉयल वेधशाळेतील थॉमस लकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील २६८ स्थानकांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी १८५ ठिकाणी उच्च आंदोलनांचा गोंगाट स्पष्ट उतरला होता. काही ठिकाणी तो निम्म्यावर आला होता. एरवी दिवसा लपणारे क्षीण संकेत दिसू लागले. भूकंपमापकांनी नकळत त्या दिवसांचा सामाजिक दस्तऐवज लिहून ठेवला. रस्ते ओस पडले होते याची साक्ष पुढच्या शतकातील इतिहासकाराला वेधशाळांकडेही मागता येईल.

(२१)
टाकाऊ मानलेल्या नोंदींचे मोल असे अनेकदा वाढले आहे. हॅम्बुर्गच्या वेधशाळेतील १९५४ पासूनच्या सूक्ष्मकंपांवरून २००० साली ईशान्य अटलांटिकमधील चार दशकांच्या लाटांचा इतिहास मांडला गेला. २००५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात केवळ गोंगाटाच्या नोंदी परस्परांशी ताडून भूकवचाचे चित्र काढण्यात आले. त्यासाठी एकाही भूकंपाची वाट पाहावी लागली नाही. बॅनर्जींनी कुलाब्याच्या कागदांकडे ज्या नजरेने पाहिले, तीच ही नजर. म्हणूनच पेट्यांत पडलेले जुने भूकंपलेख ‘यात काही नाही’ म्हणून रद्दीत जाता कामा नयेत. वाळवी आणि दमट हवा कागदाचे महत्त्व पाहून थांबत नाही.

(२२)
शेवटी पुन्हा त्या कुलाब्याच्या रेघेकडे. जून ते सप्टेंबरच्या त्या जाड रेघेखाली एखादा दूरचा लहान धक्का दडला असेल, तर तो कोणत्याच यादीत नाही. तरीही तो घडलेला आहे. भूकंपशास्त्रज्ञ यादी वाचण्यापूर्वी विचारतो, या स्थानकाला किती लहान आवाज ऐकू येत होता? दफ्तरातील रुमाल उलगडणाऱ्यानेही हाच प्रश्न विचारावा. एखाद्या गावाचे, जातीचे किंवा स्त्रीचे नाव कागदात नसेल, तर तेथे काहीच घडले नाही असे म्हणण्यापूर्वी, तो कागद लिहिणाऱ्याच्या भोवती गोंगाट कशाचा होता आणि त्याचे कान कोठपर्यंत पोहोचत होते, हे मोजून घ्यावे. किल्लारीच्या नकाशावरील फिकट रंग पाहून ज्यांनी तो प्रदेश शांत मानला, त्यांनी नकाशा वाचला होता. तो कोणत्या स्थानकांनी, किती अंतरावरून लिहिला, हे वाचायचे राहिले होते.

(धागा समाप्त)